पाठमोरी

ओक्जू ज्या सीटचा दांडा धरून उभी होती, त्या सीटवरची बाई पुस्तक वाचता वाचता हसली. मोठ्याने नाही, पण आवरलं नाही म्हणून हसली. मग हातमोजा घातलेला हात तोंडावर धरून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा पानात डोकं घातलं. ओक्जूने वरून आधी पुस्तक ओळखलं. ‘वाळत घातलेला समुद्र’. जुनी आवृत्ती, पाठीवर वाचनालयाची चिठ्ठी. त्या बाईच्या डाव्या हातात जवळजवळ सगळं पुस्तक होतं आणि उजव्या हातात थोडीशीच पानं उरली होती. म्हणजे आई मरते ते प्रकरण. त्या प्रकरणात हसण्यासारखं एक अक्षर नव्हतं. ओक्जूला हे खात्रीने माहीत होतं, कारण ते प्रकरण तिनेच लिहिलं होतं.

विचारावं असं तिला वाटलं. काय हो, एवढं काय आहे त्यात, असं सहज, शेजारणीला विचारावं तसं. तिने तोंड उघडलं आणि घशातून नुसती खरखर आली. रविवारी मुलाचा कॅनडाहून फोन आला होता, त्यानंतर ती कुणाशीच बोललेली नव्हती, आणि आज कोणता वार ते तिला चटकन आठवेना. त्या बाईला वाटलं, म्हातारीला जागा हवी आहे. “अगंबाई, माझं लक्षच नव्हतं. बसा ना मावशी, मी उतरतेच आहे,” असं म्हणून तिने पुस्तक पिशवीत कोंबलं आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली. ओक्जू तिच्या उबदार सीटवर बसून राहिली. तिचा थांबा आला, गेला. बस डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने आरशातून पाहून विचारलं, “आजी, कुठं जायचंय तुम्हाला?” तेव्हा ती उतरली आणि पातीच्या कांद्याची जुडी काखेत धरून उतार चालत परत आली. ते हसू तिच्याबरोबरच चालत होतं. दुष्ट नव्हतं ते. कुणीतरी घरातलंच माणूस काही तिरपागडं बोलून गेल्यावर येतं, तसं होतं.

घरात शिरल्यावर तिने सवयीने टीव्ही लावला. हवामान सांगणाऱ्या मुलीचा आवाज तिला आवडायचा. त्या आवाजाला उत्तर द्यावं लागत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शाळेत इतिहास शिकवायचा तो, अबोल माणूस, पण दुसऱ्या खोलीतून त्याच्या खोकण्याचा आवाज यायचा आणि तेवढ्याने घर भरायचं. आता ती ओट्याशी उभ्यानेच जेवायची. ताट मांडून बसलं की समोरची रिकामी जागा फार मोठी दिसते. लिहिणं थांबूनही तीन-चार वर्षं झाली होती. कुणी विचारलं तर ती सांगायची, विश्रांती घेतेय. खरं म्हणजे ती रोज सकाळी टेबलाशी बसायची, एखादं वाक्य यायचं, आणि ते वाक्य आपण आधी कुठेतरी लिहिलेलं आहे हे लक्षात आल्यावर ती उठायची.

आज तिने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून ते पुस्तक काढलं. छापून आल्यापासून तिने ते उघडलेलं नव्हतं. कोट अंगात तसाच ठेवून तिने उभ्याउभ्या शेवटचं प्रकरण वाचलं. बर्फ, केरोसीनचा स्टोव्ह, आईचे माशाच्या खवल्यांनी कायमचे चरे पडलेले हात. मुलगी उशाशी बसलेली, आईचा हात हातात घेऊन. आणि ते वाक्य: ‘मला उत्तरेकडे तोंड करून ठेवू नकोस. तिकडे मी जन्मभर पाहिलं. आता मला तुमच्याकडे पाहू दे.’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकात गेलं, परीक्षेत त्यावर प्रश्न आले, तरुण मुलं तिला सभेनंतर गाठून तेच म्हणून दाखवायची आणि त्यांचे डोळे भरून यायचे. सोक्चोच्या धक्क्यावर, जिथे युद्धात उत्तर कोरियातून पळून आलेल्या लोकांची वस्ती आहे तिथे, सरकारने ते दगडात कोरून ठेवलं होतं. दगडाच्या समारंभाला ती गेली होती, कात्रीने फीत कापली होती. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं. हसण्यासारखं खरोखरच काही नव्हतं.

पण ते वाक्य लिहिलं तो दिवस तिला स्पष्ट आठवत होता. तेव्हा लिहायचं टेबल नव्हतं. जेवणं आटोपली की बुटकं गोल मेज पुसायचं आणि त्यावरच कागद मांडायचे. कितीही पुसलं तरी भाताचं एखादं शीत राहायचं आणि कागदाला चिकटायचं. नवरा भिंतीला टेकून पेपर तपासत होता, मूल झोपलं होतं. आई मरते इथपर्यंत ती आली होती आणि तिला पुढे जाता येत नव्हतं, कारण आई मरताना काय म्हणाली हे तिला ठाऊक नव्हतं. कादंबरीतली मुलगी उशाशी बसलेली आहे. खरी मुलगी नव्हती. खरी मुलगी बर्फाने अडलेल्या बसमध्ये, खिंडीच्या चढावर, काचेवर साचलेलं धुकं बाहीने पुसत बसली होती. म्हणून तिने ते वाक्य रचलं. हळूहळू, एकेक शब्द उचलून खाली ठेवत. आधी आईच्याच बोलीत लिहिलं होतं, तिकडच्या, जाडीभरडी धार असलेल्या. पण प्रकाशक म्हणाले, ‘बाई, शेवटचे शब्द वाचकाला अडखळता कामा नयेत,’ आणि तिलाही पटलं. मग आई सेऊलची भाषा बोलून मेली. लिहून झाल्यावर ती रडली, तेव्हा नवऱ्याने पेपरांतून मान वर न करता रुमाल पुढे केला होता.

कोट काढून ती पलंगावर बसली आणि आईला आठवायचा प्रयत्न करू लागली. हे असं तिने पूर्वी केलं नव्हतं असं नाही. पण आज ती मुद्दाम, हट्टाने आठवू लागली, आणि जे भय तिने इतकी वर्षं बाजूला सारलं होतं ते समोर येऊन बसलं. आईचे हात म्हटलं की पान बारावरचं वाक्य यायचं. आईची चाल म्हटलं की ‘बोटीतून उतरलेल्या माणसासारखी, जमिनीवर विश्वास नसलेली’ हे शब्द यायचे. आईने बाजारात मासे विकताना दिलेल्या शिव्यासुद्धा तिने निवडून, धुऊन घेतल्या होत्या तशाच आठवत होत्या. पुस्तकात जे जे गेलं ते तिच्याकडे राहिलं नव्हतं. घर विकल्यावर आपण त्याच घराच्या फाटकाशी उभं राहावं आणि आतून परक्या मुलांचे आवाज यावेत, तसं तिला झालं. लोक नेहमी विचारायचे, हे खरंच असं घडलं होतं का? ती नेहमी म्हणायची, कादंबरी आहे हो ती. आता तिला स्वतःला तेच विचारायचं होतं आणि उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने एक गोष्ट आली जी पुस्तकात नव्हती. धाकट्या भावाचा चेहरा. बस खिंडीतून सुटून सोक्चोला पोचली तेव्हा सकाळ झाली होती. वस्तीकडे जायचा तराफा तार ओढत ओढत पलीकडे लागला, आणि तिला आपल्या घराच्या पत्र्यावर कुणीतरी उभं दिसलं. गीहो होता. आईचं जाकीट दोन्ही हातांनी धरून तो उत्तरेकडे हलवत होता आणि ओरडत होता, “ओ बुन-न्यो, ओ बुन-न्यो.” ते आईचं नाव होतं; माणूस गेलं की त्याचा कपडा हलवून त्याला असं परत बोलावतात. आईला नावाने हाक मारलेली ओक्जूने त्याआधी कधी ऐकलीच नव्हती, आणि ते ऐकूनच तिला कळलं की आपल्याला उशीर झाला. मग तो शिडीवरून खाली उतरला. दारात दोघं समोरासमोर आले. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, नाक लाल, कानांवर बर्फ. ती म्हणाली, “काही बोलली का रे?” आणि त्याचा चेहरा एकदम विचित्र झाला. ओठ आत दाबलेले, गाल थरथरणारे. आता रडेल असं तिला वाटलं, पण ते रडणं नव्हतं. चाळीसेक वर्षांनी, कोट मांडीवर घेऊन बसलेल्या ओक्जूला ते आता स्वच्छ दिसलं. त्याला हसू येत होतं. तो म्हणाला होता, “नंतर सांगतो.” तेवढ्यात आतून म्हाताऱ्यांनी हाक मारली. मग प्रेताची आंघोळ, मग टेकडीवरची गोठलेली माती फोडायला शेकोट्या पेटवणं, मग तो सैन्यात गेला, मग तिचं लग्न, मग पुस्तक. ते नंतर कधी आलंच नाही आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. पुस्तक निघाल्यावर विचारायची गरजच उरली नाही.

आई काहीतरी हसण्यासारखं बोलून गेली होती. कदाचित शेजारणीची चेष्टा. कदाचित शिवी. तेवढं एक वाक्य अजून कुठेतरी होतं, कुणी न लिहिलेलं, गीहोजवळ.

तिने फोन उचलला. दुकानातला गलका ऐकू आला, मग भावाचा आवाज. “कोण? ताई? काय झालं? कुणी गेलं का?”

“कुणी गेलं नाही. मी येतेय उद्या.”

“उद्या? सण ना वार. बरी आहेस ना?”

“बरी आहे. आईच्या थडग्याशी जाऊन यावं म्हटलं.”

पलीकडे त्याने काहीतरी तेलात सोडलं, चर्र आवाज आला. मग तो म्हणाला, “ये. ये खरंच. मलाही तुला काही सांगायचंय.”

आता खिंडीतून जावं लागत नाही. डोंगर पोखरून बोगदे केले आहेत आणि बस त्यातून सरळ निघते. अंधार, मग ऊन, मग पुन्हा अंधार. जिथे ती रात्रभर अडकली होती ती वळणं कुठेतरी वर, डोक्यावर राहिली. मलाही काही सांगायचंय, असं तो म्हणाला होता. ती काचेत स्वतःचा चेहरा बघत मनाशी आईच्या तोंडी निरनिराळी वाक्यं घालून पाहत होती आणि प्रत्येक वाक्य तिला आपलंच वाटत होतं. शेवटी तिने तो नाद सोडला. फार वर्षांनी तिला काही रचायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. शाळेतून येताना खाऊ मिळणार हे ठाऊक असलेल्या मुलीसारखं तिला झालं आणि त्याची तिला लाजही वाटली.

तराफा अजून होता. प्रवासी आता हौसेने तार ओढतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. पलीकडे उतरलं की लगेच तो दगड, माणसाच्या उंचीचा, काळा, त्यावर तिचं वाक्य आणि खाली तिचं नाव. दगडाच्या थेट समोर, रस्ता ओलांडून, गीहोचं दुकान. भात आणि भाज्या भरलेली माकुलं वाफवून, चकत्या करून तो अंड्यात बुडवून तळायचा, आणि त्याची बायको ग्येसून मागे बसून किमचीसाठी मुळे चिरत होती.

“या वन्सं,” ग्येसून विळी बाजूला सारून उठली. “टीव्हीवर बऱ्या भरलेल्या दिसता हो. इथं बघते तर नुसता हाडांचा सापळा. जेवता की नाही तिकडे, का नुसतं लिहिता?”

“लिहीत पण नाही,” ओक्जू म्हणाली.

“मग दोन्ही नाही म्हणजे कठीणच. बसा. आधी खाऊन घ्या.”

गीहो हसला. त्याचे केस पार पांढरे झाले होते, पण हसताना अजून डावा खांदा वर जायचा. त्याने चकत्यांची बशी तिच्यापुढे ठेवली आणि समोरच्या घोळक्याकडे हनुवटीने दाखवलं. शाळेची सहल आली होती. बाई मुलांना दगडावरचं वाक्य मोठ्याने म्हणायला लावत होत्या. “रोज,” तो म्हणाला. “सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन याचं. पावसात वाचतो, उन्हात वाचतो. सांगू का, यांची बहीण ती, असं ग्येसून गिऱ्हाइकांना सांगते आणि दोन बशा जास्त खपवते.”

“खोटं सांगत नाही ना मी,” ग्येसून म्हणाली. “पुस्तकात तुमच्या भावाला घेतलं असतंत तर चार खपवल्या असत्या. बिचाऱ्याचा पत्ताच कट केलात.”

ओक्जूने चकती तोंडात घातली. गरम होती, जीभ पोळली. पुस्तकातल्या मुलीला भाऊ नव्हता. एकटी असली की ती जास्त एकटी वाटते, असा तेव्हा तिचा हिशेब होता. तिने भावाकडे पाहिलं. तो कढईतल्या तेलात बघत होता आणि त्याला काही लागलं असावं असं दिसत नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर दोघं टेकडीवर निघाली. गीहोच्या हातात सोजूची, तांदळाच्या दारूची बाटली, दोन नासपती आणि एक सुकवलेला मासा. चढ तिला पूर्वीइतका सोपा राहिला नव्हता. वाटेत वस्तीतल्या म्हाताऱ्यांची थडगी, गवताने मढवलेले मातीचे गोल उंचवटे, एकापाठोपाठ एक, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. तिकडून आलेले लोक दोन-चार दिवसांत परत जाऊ म्हणून इथे, सीमेच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहिले. वाळूत घरं बांधली, पाया घातला नाही. आणि मेले तेव्हा तिकडे बघत झोपले. आईही रोज संध्याकाळी दारात बसून तिकडेच बघायची. हेही पान चाळीसवर होतं. ओक्जू दम खायला थांबली आणि मनाशी म्हणाली, आता थोडाच वेळ.

आईचं थडगं अगदी माथ्यावर. तिथून दोन्ही बाजू दिसतात, उत्तरेचा समुद्र आणि दक्षिणेला गाव. ती सवयीने उत्तरेच्या बाजूला गेली, जिथे दरवर्षी उभी राहायची. चप्पल काढली, गुडघे टेकले, हात जमिनीला लावून खाली वाकली. कपाळ गवताला टेकलं. मान वर केली तर समोर नैवेद्याचा दगड नव्हता. नुसतं गवत.

“ताई,” गीहो मागून हळूच म्हणाला. “तिकडून नको. तिकडे पाठ आहे तिची. इकडे ये.”

ती गुडघ्यांवरच राहिली. मग उठून, चप्पल पायात सरकवून, वळसा घालून त्याच्याकडे गेली. नैवेद्याचा दगड आता दक्षिणेला होता, नावाची पाटी दक्षिणेला. माती अजून पुरती बसली नव्हती, गवताच्या चौकोनी लाद्यांमधले सांधे दिसत होते.

“हेच सांगायचं होतं,” तो म्हणाला. “वसंतात अधिक महिना आला होता. त्या महिन्यात थडग्याला हात लावला तरी चालतं, म्हणून तिचं तोंड वळवून घेतलं. तुला विचारायला हवं होतं. पण म्हटलं, तू काय नाही म्हणणार आहेस? शब्द तर तिचेच आहेत.”

त्याने मासा मांडला, नासपतीचं एक टोक कापलं, सोजू ओतला. दोघांनी दोनदा वाकून नमस्कार केला. ओक्जूला आपले हात परके वाटत होते. खाली गाव होतं, बोटींचा धक्का, नवे उंच इमले, आणि त्यांच्या पायाशी निळ्या पत्र्याचं ते दुकान.

“तिथे बसली की आपलं दुकान दिसतं तिला,” गीहो म्हणाला.

“गीहो,” ती म्हणाली. आवाज नीट निघाला याचं तिला बरं वाटलं. “त्या दिवशी दारात मी तुला विचारलं, आई काही बोलली का. तू म्हणालास, नंतर सांगतो. काय सांगणार होतास रे?”

तो तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहत राहिला. “हेच की.”

“हेच म्हणजे?”

मग त्याने ते वाक्य म्हटलं. मला उत्तरेकडे तोंड करून ठेवू नकोस. तिकडे मी जन्मभर पाहिलं. सगळं, पूर्णविरामांसकट, सेऊलच्या स्वच्छ भाषेत. जन्मभर वस्तीच्या बोलीत बोललेला हा माणूस हे तीन तुकडे पाहुण्यासारखे म्हणत होता आणि त्याचे डोळे भरले होते. “आवाज अगदी गेला होता तिचा,” तो म्हणाला. “माझा हात धरला होता. इतका थंड हात, ताई. आणि असं बघितलं तिने माझ्याकडे, जणू मी नुकताच दिसलो तिला.”

जणू मी नुकताच दिसलो तिला. शेवटून तिसरं पान, वरून दुसरी ओळ. ओक्जूने त्याच्या चेहऱ्यात शोधलं. कुठेतरी, एखाद्या सुरकुतीत, त्या पोराचं दाबलेलं हसू राहिलं असेल म्हणून. नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. तो आठवत होता.

“तुला तेव्हा हसू येत होतं,” ती म्हणाली.

“मला?”

“दारात. ओठ दाबून उभा होतास.”

“ताई, आई गेली होती,” तो म्हणाला. रागावला नव्हता, पण दुखावला होता. मग त्याने विचार केला. “थंडीने तोंड वाकडं झालं असेल. किती वेळ पत्र्यावर होतो मी. हसेन कशाला?”

“दुसरं काही बोलली का? आधी? काहीही. पाणी दे, दार लाव.”

“नाही गं. तेवढंच.” सोजूचा उरलेला घोट त्याने स्वतः घेतला आणि पेला गवतावर पालथा ठेवला. मग म्हणाला, “मला एक कोडं सुटत नव्हतं बघ. असं ती म्हणाली, माझ्या हातात हात देऊन म्हणाली, आणि तरी मी तिला उत्तरेकडे तोंड करून का ठेवलं? म्हाताऱ्यांनी सांगितलं असेल, सगळ्यांची तशीच म्हणून. पण मी तोंड का उघडलं नाही? ऐकलं होतं ना मी. शटर उघडलं की तो दगड समोर, आणि मी मनात म्हणायचो, अरे गीहो, पोरंटोरं वाचून रडतात आणि तू पोटचा मुलगा असून तेवढं केलं नाहीस. झोप उडाली होती माझी. ग्येसूनला विचार. आता येते झोप.”

वारा नव्हता. खालून धक्क्यावरच्या बोटींच्या इंजिनांची धकधक येत होती. तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, हे ओक्जूला आठवलं. पुस्तकात नव्हतं ते. म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, पोरा, तोंड कुठे करायचं, तुझ्या आईची काही इच्छा? आणि गीहो चटकन म्हणाला होता, उत्तरेला, आणखी कुठे? कुदळ त्याच्याच हातात होती. म्हणजे आईने त्याला तसं काही सांगितलंच नव्हतं. ते खरं होतं. ते ती सांगू शकत होती. सांगितलं तर त्याच्या डोक्यावरचा इतक्या वर्षांचा दोष उतरला असता, पण मग हे नवं गवत, ही वळवलेली आई, आणि त्याच्या हातातला तो थंड हात, एवढ्याचं काय करायचं? आईचं शेवटचं बोलणं त्याच्याकडून काढून घेतलं तर बदल्यात द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं. जे होतं ते त्याच्याजवळ होतं, आणि ते तिच्याच वाक्याखाली कधीतरी, एका पावसाळी सकाळी, शटर वर करताना, गुदमरून गेलं होतं.

“एक विचारू?” गीहो म्हणाला. “किती वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय. तू तर नव्हतीस तिथे. पुस्तकात आहेस, ते ठीक आहे, पुस्तक आहे ते. पण शब्द तेच आहेत, एक इकडचा तिकडे नाही. तुला कसं कळलं?”

आयुष्यभर तिला लोकांनी हजार प्रश्न विचारले होते. हा कुणी विचारला नव्हता.

“तूच सांगितलंस,” ती म्हणाली.

“मी? कधी?”

“नंतर. तू म्हणाला होतास ना, नंतर सांगतो. मग सांगितलंस. मी नुसतं लिहून काढलं.”

त्याने मान हलवली. एकदा, दोनदा. खांदा वर गेला आणि तो ओशाळा हसला. “सांगितलं असेन. मला आठवत नाही बघ.”

“मला आठवतं.”

“म्हणजे तो दगड तसा माझाच म्हणायचा.”

“तुझाच.”

तो मासा आणि नासपती पिशवीत भरू लागला. ग्येसून वाट बघत असेल, मुळ्यांना मीठ लावायचं आहे, तू आज राहतेसच ना, असं काहीबाही बोलत होता. त्याची पाठ इतकी हलकी दिसत होती की तिला ती बघवेना. “तू हो पुढे,” ती म्हणाली. “उतारावर मला वेळ लागतो. जरा बसते.”

“थंडी पडेल.”

“येते रे. हो पुढे.”

त्याची पावलं वाळल्या पानांतून खाली गेली. ओक्जू वळसा घालून उंचवट्याच्या उत्तरेच्या बाजूला आली. चप्पल काढायची राहून गेली. गवतावर बसून ती हळूहळू मागे सरकली, पाठ मातीला टेकेपर्यंत. नव्या मातीचा ओलावा कोटातून आत आला. समोर समुद्र होता आणि समुद्राच्या वर राखाडी पट्टा, ढगांचा किंवा जमिनीचा, कळत नव्हतं. आई रोज काय बघायची तिकडे हे तिने पाच पानं भरून लिहिलं होतं. आता बघताना त्यातलं एकही वाक्य आलं नाही. तिकडे काही दिसत नव्हतं. कुणीतरी बघायला हवं म्हणून ती बघत राहिली.